गोव्यात मुलांना घराबाहेर काढायचंय? मिरगापासून मे महिन्यापर्यंतचे खेळ, स्टेप बाय स्टेप

खेळाचं सामान विकत आणायची गरज गोव्यात जवळजवळ पडतच नाही. नारळ आहे, पोफळ आहे, लाल माती आहे, दर्या आहे, चार महिने पाऊस आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची, आपल्याकडे खेळ ऋतू ठरवतो. जुलैत जे जमतं ते जानेवारीत जमत नाही, आणि मे महिन्यात भर दुपारी मुलांना सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, नेलं तर ती परत कधी तुमच्याबरोबर यायची नाहीत. म्हणून हे सगळं मी महिन्यांप्रमाणे लिहितोय. आम्ही फोंड्याकडचे, कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांच्या, पट्ट्यातले, त्यामुळे माझी बरीचशी उदाहरणं तिकडची असतील, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठीही भरपूर आहे.

दुसरं म्हणजे दरवेळी नवी जागा शोधत बसू नका. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा धरा, व्हाळ (ओढा) म्हणा, भाट (नारळाची बाग) म्हणा, शेताचा बांध म्हणा, आणि तिथेच परत परत जा. पहिल्या एक-दोन वेळा मुलं "बोअर होतंय" म्हणतील, म्हणू देत, थोड्या दिवसांनी तीच तुम्हाला सांगायला लागतात की इथे काल वारूळ एवढं उंच नव्हतं.

आधी धोक्यांचं बोलूया

हे शेवटी लिहिलं तर कुणी वाचत नाही म्हणून आधीच लिहितो.

चिऱ्यांच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या, बंद पडलेल्या खाणी. पावसात या भरतात, पाणी वरून शांत आणि स्वच्छ दिसतं, पण कडा सरळ कापलेल्या असतात, म्हणजे एक पाऊल पुढे टाकलं की थेट खोल पाणी, धरायला काहीच नाही. दरवर्षी यात जीव जातात. मुलांना तिथे खेळायला तर नाहीच, "फक्त बघायला" सुद्धा न्यायचं नाही. देवळाच्या तळ्या आणि खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतल्या) मानशी, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायची दारं, यांच्याबाबतीतही तेच. मानशीजवळ पाण्याला जी ओढ असते ती मोठ्या माणसालाही आवरत नाही. आणि जून ते सप्टेंबर दर्यात उतरायचं नाही, जीवरक्षकांचा लाल बावटा दिसला की विषय संपला.

साप. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर फुरसं असतं आणि ते बरोबर दगडाखाली बसतं. त्यामुळे मुलांनी दगड उलटायचे नाहीत, हा नियम पक्का. गवतात शिरण्याआधी काठी आपटायची, पायात पूर्ण झाकणारे बूट. चावलंच तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मुलाला उचलून घ्यायचं, चावलेला भाग कमीत कमी हलवायचा, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सरकारी हॉस्पिटल गाठायचं.

झाडं. लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर, पण बी चावून पोटात गेली तर जीवघेणी. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तशाच. खाजकुयलीची शेंग हाताळली तर अंगाची आग आग होते, तिची मखमली लव आधी लांबून मुलांना ओळखायला शिकवा. काजूची कच्ची बी दातांनी फोडायची नाही, सालीतलं तेल ओठ आणि जीभ भाजून काढतं.

सत्तरी तालुक्याच्या बाजूला राहत असाल किंवा तिकडे जाणार असाल तर डिसेंबर ते मे जंगलात आत शिरू नका. तिथे गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाच्या केसेस २०१५ पासून झालेल्या आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्याबरोबर आंघोळ करून कान, काख, गुडघ्यामागची जागा बघायची.

आता बॅग. एक छोटी बादली, जुनी चादर, भिंग (स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं), सुंभाची दोरी, वही-पेन्सिल, पाणी, थोडा गूळ-चणा, बँडेज. कोयती किंवा चाकू मोठ्या माणसाकडेच. बस, एवढंच.

जून-जुलै: पावसाला घाबरून घरात बसू नका

मिरग लागतो ७ जूनच्या आसपास, आणि खरं सांगायचं तर मुलांसाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच. पहिल्या चांगल्या सरींनंतर लाल मखमली मिरगाचे किडे मातीवर फिरायला लागतात. त्यांना हातावर घेऊन बघा, मग जिथून उचलले तिथेच सोडा. डब्यात भरून घरी आणले तर मरतात.

पर्जन्यमापक. हा खेळ मला सगळ्यात जास्त आवडतो कारण तो चार महिने चालतो. प्लास्टिकची एक सरळ अंगाची बाटली घ्या, एक-दोन लिटरची. वरचा निमुळता भाग जिथे संपतो तिथे कापा (हे तुम्ही कापा). तळाचा भाग सपाट नसतो, म्हणून तळात बारीक खडी टाका आणि खडी बुडेपर्यंत पाणी घाला. त्या पाण्याच्या पातळीवर मार्करने शून्याची रेघ मारा, तिथून वर पट्टी लावून मिलिमीटरच्या खुणा करा. कापलेला वरचा भाग उलटा करून बाटलीत नरसाळ्यासारखा बसवा, झाकण अर्थातच काढून. आता अंगणात उघड्यावर, झाडापासून आणि पत्र्याच्या पन्हळीपासून लांब, चार चिऱ्यांच्या मध्ये ठेवा म्हणजे वाऱ्याने पडणार नाही. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचायचा, कारण हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. आकडा वहीत लिहायचा, वरचं पाणी ओतून परत शून्याच्या रेघेवर आणायचं.

मग मजा अशी की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला आकडा आणि आपला आकडा जुळवून बघायचा. कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि का जुळत नाही यावर मुलं जे तर्क लढवतात ते ऐकण्यासारखे असतात. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला तर "मुसळधार" आणि ११५.६ च्या वर "अतिमुसळधार", ह्या दोन रेघाही बाटलीवर मारून ठेवा, लाल मार्करने. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, पण सगळीकडे सारखा नाही, वाळपई-सांग्याकडे पणजीपेक्षा बराच जास्त. तिकडे कुणी मामा-मावशी असेल तर त्यांच्या मुलांनाही एक बाटली लावायला सांगा आणि रोज व्हॉट्सॲपवर आकडे पाठवायची स्पर्धा लावा.

पाण्याचं चाक. घरामागे पावसात बारीक ओहोळ वाहतातच, घोट्याएवढ्या पाण्याचा घ्यायचा, मोठ्या व्हाळावर नको.
१. केळीच्या दांड्याचा वीतभर लांब गोल तुकडा घ्या.
२. नारळाच्या झावळीच्या जाड देठाच्या सहा-आठ चपट्या पट्ट्या कापा, बोटाएवढ्या लांब. त्या दांड्याच्या गोलाभोवती सारख्या अंतरावर खोचा. ही झाली पाती.
३. दांड्याच्या बरोबर मधून एक सरळ काठी आरपार घाला. काठी मध्यावर नसेल तर चाक लंगडतं आणि अडकतं, म्हणून आधी दोन्ही टोकांना मधोमध खूण करून घ्या.
४. ओहोळाच्या दोन्ही काठांवर बेचकीच्या दोन फांद्या रोवा, त्यावर काठी ठेवा. पात्यांची टोकं पाण्यात जेमतेम बुडली पाहिजेत.
फिरत नसेल तर वरच्या बाजूला दगड लावून पाणी अरुंद करा, वेग वाढतो. इथे मोठ्यांनी गप्प बसायचं! मुलांना स्वतः खटपट करू द्या, दगड कुठे लावायचा हे शोधण्यातच त्यांची अर्धी सकाळ जाते.

पोफळीची विरी, म्हणजे झाडावरून गळून पडते ती रुंद सालीसकट झावळी, कुळागरात पायाखाली लागेल इतकी पडलेली असते. एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने पानांच्या बाजूला धरून ओढायचं. ओल्या गवतावर काय सुसाट जाते! दगड नसलेली जागा बघा आणि उताराला नेऊ नका, एवढंच.

चिखल. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्ण देवळासमोरच्या मैदानात चिखल काला होतो, मोठी माणसं तेलाने माखलेल्या अंगाने चिखलात लोळतात, खेळ खेळतात. मुलांना एकदा न्याच. जे पालक "कपडे खराब होतील" म्हणून ओरडतात त्यांच्यासाठी तर जास्तच. घरच्या चिखलात खेळायचं असेल तर अंगावर उघडी जखम असलेल्या मुलाला थांबवा, आणि नंतर साबणाने स्वच्छ आंघोळ. शेतातल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) भीती असते, त्यानंतर ताप आला तर डॉक्टरला मूल चिखलात खेळलं होतं हे आवर्जून सांगा.

२४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा ख्रिस्ती सण. विहिरीत उड्या मारणं मोठ्यांना करू दे, मुलांनी कोपेल करायची, डोक्यावर घालायचा फुला-पानांचा मुकुट. कोणतीही लवचिक वेल (चीक नसलेली, खाज न येणारी) डोक्याच्या मापाने गोल वळायची, दोन-तीन वेढे एकमेकांत पिळायचे, मग त्यात देठासकट फुलं आणि फर्न खोचत जायचं. आमच्याकडे हिंदू घरातली मुलंही शेजाऱ्यांबरोबर बसून हे करतात, आणि कुणाची कोपेल संध्याकाळपर्यंत टिकते यावर चुरस असते.

ऑगस्ट-सप्टेंबर: सडा, फोटाश आणि माटोळी

सड्यावरची बाग. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा सडा श्रावण-भाद्रपदात ओळखू येत नाही. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर, पोषण जवळजवळ नाहीच, म्हणून तिथली काही झाडं किडे खातात. मुलांना हे सांगितलं की ती लगेच गुडघ्यावर बसतात. दवबिंदू नावाचं झुडूप शोधायचं, टाचणीएवढ्या लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकत असतात, भिंगातून बघितलं तर अर्धवट विरघळलेला एखादा डास किंवा मुंगी चिकटलेली सापडते, आणि ते पान तिच्याभोवती हळूहळू वळत असतं. शेजारी निळी-जांभळी सीतेची आसवं असतात, त्यांचे सापळे जमिनीखाली ओल्यात, न दिसणाऱ्या बारीक पिशव्यांचे. कसं बघायचं: सुंभाचा हातभर व्यासाचा गोल करून जमिनीवर ठेवा, प्रत्येक मुलाला एक गोल. त्या गोलात किती वेगवेगळी झाडं, किती किडे, हे वहीत चित्र काढून लिहायचं. गोलाबाहेर पाय ठेवताना खडक बघून ठेवायचा, फुलांवर नाही. उपटून आणायचं काही नाही, घरच्या कुंडीत ही झाडं जगत नाहीत.

लाजाळूचा प्रयोग तर कुठेही, रस्त्याकडेलाही होतो. पानाला बोट लावा, मिटलं की स्टॉपवॉच सुरू, परत पूर्ण उघडेपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी वेगळं येतं का? मग पाण्याचा एक एक थेंब एकाच पानावर सारखा टाकत राहा, काही वेळाने पान मिटणं कमी करतं का ते बघा. पानाच्या देठाशी जो फुगीर सांधा असतो त्यातलं पाणी एका बाजूने निघून जातं म्हणून पान पडतं, हे नंतर सांगा, आधी त्यांना अंदाज करू द्या.

फोटाश. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंडेरा हा उत्सव असतो, तिथे पोरं बांबूच्या नळीतून फळं उडवतात तो हा. करायला सोपा पण नीट समजून करा:
१. बारीक चिव्याचा (पातळ बांबूचा), मधे गाठ नसलेला, वीतभर लांब तुकडा. आतलं भोक पेन्सिल जाईल एवढं. दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा.
२. दट्ट्या: भोकात सैलसर जाईल अशी सरळ, मजबूत काठी, एका टोकाला पकडायला गाठवाला चिव्याचा तुकडा घट्ट बसवलेला. दट्ट्या पूर्ण आत गेल्यावर नळीच्या तोंडापासून बोटाच्या पेराएवढा अलीकडे थांबला पाहिजे, हे माप सगळ्यात महत्त्वाचं.
३. गोळी: पारंपरिक म्हणजे कडक हिरवी बारीक फळं. लहान मुलांना ओल्या पेपराचे घट्ट गोळे द्या, लागले तरी फारसं दुखत नाही.
४. पहिली गोळी मागून घालून दट्ट्याने पार तोंडापर्यंत ढकला, ती तिथेच घट्ट राहते. दुसरी गोळी मागून घाला आणि दट्ट्या झटक्यात मारा. मधली हवा दाबली जाते आणि पहिली गोळी "फट्ट" करून उडते. दुसरी आता तोंडाशी येऊन बसली, म्हणजे पुढच्या बारासाठी तयार.
आवाज येत नसेल तर गोळी सैल आहे, दुसरं कारण शक्यतो नसतं. माणसाच्या दिशेने कधीच नाही, डोळ्याचा प्रश्न आहे. पत्र्याचा डबा लटकवा आणि त्यावर नेम.

चवथीच्या आधीचा आठवडा माटोळीसाठी राखून ठेवा. गणपतीच्या डोक्यावर जी रानफळांची, भाज्यांची चौकट बांधतात ती म्हणजे मुलांसाठी पूर्ण वनस्पतीशास्त्र आहे, पण आता अर्धी माटोळी बाजारातूनच येते आणि मुलांना नावंही माहीत नसतात. घरातल्या आजोबांना किंवा गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. प्रत्येक मुलाला पाच नावांची चिठ्ठी: घागऱ्यो (वाळल्या की शेंग खुळखुळते, आधी आवाज ऐकवा मग शोधायला सांगा), कांगलां, कवंडळ, आंबाडे, कुड्याच्या शेंगा. कवंडळ लाल टपोरं, मोहात पाडणारं, पण खायचं नाही, हे तिथल्या तिथे सांगा. घ्यायचं ते लागेल तेवढंच, एका झाडावरचं सगळं नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीतून काहीच नाही.

मग छोटी माटोळी बांधायची. हातभर लांबीच्या चार काठ्यांची चौकट, मधे दोन आडव्या. बांधायला केवणीचा दोर, माटोळीला पूर्वीपासून तोच वापरतात. केवणीच्या फांदीची साल लांब पट्टीत सोला, आतला तंतुमय भाग वेगळा करा. दोन पट्ट्या घ्या, दोन्ही एकाच दिशेला पिळा आणि मग एकमेकींवर उलट्या दिशेला पिळा, हाताने सोडलं तरी सुटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच बैठकीत जमतं, आणि स्वतः केलेल्या दोराला नारळ लटकला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पक्षी, वाळू आणि मातीचे रंग

पक्षी बघायला करमळीचं तळं, कुडचड्याचं नंदा तळं (२०२२ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेलं गोव्यातलं पहिलं), चोडणचं सलीम अली अभयारण्य. सकाळी सातच्या आत पोचा. लहान मुलांना नावं पाठ करायला लावू नका, कंटाळतात. त्यापेक्षा एक जागा धरून दहा मिनिटं बसायचं, आणि फक्त मोजायचं: पाण्यावर किती, आकाशात किती, झाडावर किती. पुढच्या वेळेला मग "तो पानांवरून चालतो तो कोण" असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो, तेव्हा कमळपक्षी दाखवा. बोंडल्याच्या अभयारण्यात जायचं असेल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं.

खाजनाच्या बांधावर ओहोटीला गेलात तर खारफुटीची वर आलेली मुळं, एकच नांगी मोठी असलेले खेकडे आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसतात, पाण्यातला मासा जमिनीवर चालतोय हे बघून मुलं थक्क होतात. बांधावरूनच बघायचं, चिखलात पाय घालायचा नाही.

किनारा. इथे सगळं वेळेवर आहे. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज सातला ओहोटी तर उद्या आठच्या जवळ. पुनव आणि अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं, ते दिवस निवडा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा.

ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, मधे एक भोक आणि भोकापासून बाहेर जाणाऱ्या रांगा. हा एका नखाएवढ्या कुर्लीचा, म्हणजे खेकड्याचा, उद्योग. मुलांना भोकापासून तीन-चार पावलांवर बसवा आणि हलायचं नाही सांगा, सावलीसुद्धा त्यावर पडायला नको. दोन-चार मिनिटांत ती वर येते, दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडाला लावते, त्यातलं खाण्यासारखं तेवढं गाळून घेते आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे टाकते, परत एक पाऊल पुढे, परत गोळा. कुणी खोकलं तरी गडप. हे बघताना एरवी दोन मिनिटं न बसणारी मुलं हूं की चूं करत नाहीत. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला ती नव्याने सुरू करते.

शंख-शिंपले गोळा करू द्या, पण मूठभरच, आणि प्रत्येक शंख आधी उलटा करून आत कुणी राहतंय का बघायचं. मोठे रिकामे शंख तिथेच ठेवा, खेकड्यांना घर म्हणून लागतात. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण केलेली घरटी लांबून दाखवा, रात्री टॉर्च आणि फ्लॅश नको.

मातीचे रंग. लाल माती, घाटीत कापलेल्या दरडीत मिळते ती पिवळी, नदीकाठची काळपट, अशा वेगवेगळ्या मुठी आणा. प्रत्येक माती पाण्यात ढवळा, एक मिनिट थांबा म्हणजे रेव खाली बसेल, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी टाकून दिलं की तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ उरतो, तोच तुमचा रंग. त्यात उकड्या तांदळाची घट्ट पेज घालून कालवा, कागदाला चिकटतो आणि वाळल्यावर झडत नाही. काळ्यासाठी कोळसा, पिवळ्यासाठी हळद. ब्रश म्हणजे सोडणाचे (नारळाच्या वरच्या सालीचे) धागे काडीला बांधून. लाल रंग मातीतल्या लोखंडाचा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला अशाच लाल मातीची आणि चुन्याची, ती एकदा दाखवून आणा आणि मग पांढऱ्या कागदावर फक्त लाल रंगात काढायला सांगा.

याला जोडून उसगाळीमळ. रिवणजवळ कुशावतीच्या काठावर जांभ्यात कोरलेली जनावरं, मोर आणि एक मोठी गोल चक्रव्यूहासारखी आकृती आहे, १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. पाणी कमी असताना न्या, चपला काढून कडेने चालायला लावा, खडकावर खडूची रेघही मारायची नाही. चक्रव्यूह घरी अंगणात करा: खडे मांडून वाट एवढी रुंद की मुलाचं पाऊल मावेल, आणि एकाने डोळे बांधून फक्त बाकीच्यांच्या सूचनांवर मध्यापर्यंत जायचं.

मार्च ते मे

सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, मधे नाही. करवंदं, चुन्नां, जांभळं शोधायला सकाळ बरी. नियम एक, ओळखीचं फळ मोठ्याला दाखवल्याशिवाय तोंडात नाही. काजूच्या बोंडांचा रस मुलांना हाताने पिळून काढू द्या, पण जुन्या कपड्यांत, डाग जात नाहीत.

नारळाच्या पात्याची पिपाणी शिकवायला सुट्टीसारखा वेळ नाही. हिरवं पातं घ्या, मधला हीर काढला की दोन लांब पट्ट्या मिळतात. एका पट्टीच्या टोकाचा दोन बोटांएवढा तुकडा कापून मधे दुमडा, ही जिभली. दुसऱ्या पट्टीचं टोक जिभलीभोवती घट्ट गुंडाळायला लागा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, तिरपा, म्हणजे पुढे पुढे तोंड रुंद होत जातं. शेवटच्या वेढ्यात हिराचा तुकडा टाचणीसारखा खोचा. जिभली ओठांनी हलके दाबून फुंकायचं. जिभली जितकी छोटी तितका आवाज बारीक, मुलांना दोन-तीन मापांच्या करायला लावा.

मेच्या अखेरीला पाऊस यायच्या आधी काजवे निघतात. दिव्यांपासून लांब, पण ओळखीच्याच वाटेवर जा, टॉर्चला लाल जिलेटीन लावा, पकडून बाटलीत भरायचे नाहीत. आणि फणस खाल्ला की आठळ्या टाकू नका: त्या वाळल्या की उगवत नाहीत, म्हणून दोन-चार दिवसांतच तळाला भोक पाडलेल्या करवंटीत माती-शेणखत भरून बोटभर खोल लावा, सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत कोंब येतो, पाऊस स्थिरावला की करवंटीसकट जमिनीत, करवंटी फक्त तडा देऊन.

वय आणि किती मुलं

चार वर्षांच्या आतल्यांना चिखल, वाळू, विरी आणि पर्जन्यमापकात पाणी ओतणं पुरे, अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. पाच ते आठ: गोल करून मोजणी, कोपेल, मातीचे रंग, लाजाळू. आठच्या पुढे पाण्याचं चाक, फोटाश, दोर वळणं. बारा-तेराच्या मुलांना लहानांचं पुढारपण द्या, नाहीतर ती फोन घेऊन कोपऱ्यात बसतात. पाण्याजवळ जाताना चार मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्याचं काम फक्त मुलांकडे बघणं, फोटो काढायला दुसऱ्याला न्या.